एस्पोझितो म्हणजे काय, ते बाबांना कसं सांगू?

पत्राचा गोषवारा: चौतिशीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. माहेर कोल्हापूरचं, घराणं मूळ कोकणातलं. नोकरीनिमित्त त्या इटलीत तोरिनोला गेल्या, तिथेच लग्न केलं. आता सातवा महिना चालू आहे. नवऱ्याचं आडनाव एस्पोझितो. इकडे वडील घराण्याच्या कुळवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढताहेत आणि जावयाच्या घराण्याबद्दल त्यांना चार ओळी हव्या आहेत: आडनाव कुठून आलं, अर्थ काय, दुर्मिळ आहे का. (त्यांचं स्वतःचं आडनाव एका लहानशा गावावरून आलेलं, जेमतेम पन्नास-साठ घरांत लावलं जाणारं. त्याचा त्यांना अभिमान आहे.) इंटरनेटवर एका दुकानात ‘एस्पोझितो, प्राचीन व दुर्मिळ सरदार घराणं’ अशा मजकुरासह राजचिन्ह फ्रेम करून मिळतं. ऑफिसातली मैत्रीण मात्र म्हणाली, हे आडनाव टाकून दिलेल्या मुलांना देत असत. व्हिडिओ कॉलवर ते कानावर पडताच आत्या म्हणाली, “म्हणजे कूळच नाही म्हणायचं!” सासऱ्यांना जेवताना विचारलं तर ते काही न बोलता उठून बाल्कनीत गेले. नवरा म्हणतो, तुला हवं ते लिही. त्यांचे प्रश्न दोन: बाबांना ती राजचिन्हाची गोष्टच पाठवून द्यावी का? आणि बाळाला हे आडनाव न लावता फक्त माझं लावावं का?

आधी त्या फ्रेमचं सांगते, कारण तेवढं सोपं आहे. ती घेऊ नका.

युरोपात राजचिन्ह एखाद्या माणसाला, त्याच्या घराण्याला मिळायचं. आडनावाला मिळत नसे. एका आडनावाची दहा घरं असली आणि त्यातल्या एकाला कुणा राजाने चिन्ह दिलं, तर बाकीच्या नऊ घरांना ते लागू होत नाही. प्रत्येक जाधव काही सिंदखेडच्या लखुजीरावांचा वंशज नसतो, तसंच हे. शिवाय इटलीच्या १९४८च्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांची मान्यताच काढून घेतली आहे. राहता राहिला ‘दुर्मिळ’ हा शब्द. एस्पोझितो हे नेपल्समधलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव आहे आणि अख्ख्या इटलीतही ते वरच्या चार-पाचांत येतं. तेव्हा दुकानदाराने नुसती ढाल आणि सिंह विकायला ठेवलेत, तुमच्या सासरचा इतिहास नाही.

आणि बाबांचा विचार करा. कुळवृत्तांत काढणारा माणूस काय काय करतो ते मी आमच्या घरात पाहिलं आहे. माझे काका एका नावाचा घोळ सोडवायला त्र्यंबकेश्वरी जाऊन उपाध्यांच्या वह्या उघडून बसले होते. दोन चुलत शाखांत एकाच नावाचे दोन पुरुष होते आणि कोण कुणाचा मुलगा, ते काही जुळत नव्हतं. सहा महिने त्यांनी ते पान छापायला दिलं नाही. अशा माणसाच्या पुस्तकात, त्याला न सांगता, पोटच्या मुलीने एक खोटं पान घालावं, हे मला तुमच्या दृष्टीनेच बरं वाटत नाही. चूक कळली तर त्यांना लागेल. नाही कळली, तर ती तुमच्या मनात राहील.

आता अर्थाकडे येऊ. पत्रात तुम्ही ‘टाकून दिलेलं मूल’ असं तीनदा लिहिलंय. मैत्रिणीने जे सांगितलं त्याचा गाभा बरोबर आहे, पण मराठी करताना शब्द घसरला आहे आणि तुमचा निम्मा त्रास त्या घसरण्यातून आलाय, असं मला वाटतं. मूळ लॅटिन शब्द ‘एक्स्पोसितुस’. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. बाहेर ठेवलेलं. आपल्या भाषेत टाकणं आणि ठेवणं यांत किती अंतर आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. केर टाकतात. दागिना ठेवतात.

हा शब्दाचा खेळ वाटत असेल, तर ते मूल प्रत्यक्षात कुठे आणि कसं ठेवलं जायचं ते पाहा. नेपल्सच्या जुन्या शहरात, फोर्चेला वस्तीजवळ, अनुन्झियाता नावाचं चर्च आणि त्याला लागून चौदाव्या शतकापासूनची धर्मादाय संस्था आहे. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक चाक होतं. काही वर्षांपूर्वी मी ते पाहायला गेले होते. चाक म्हणजे उभं लाकडी पिंप, एका बाजूने उघडं, खुंटावर फिरणारं. बाहेरच्या माणसाने बाळ त्या पोकळीत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची. बाहेरचा माणूस आतल्याला दिसत नसे आणि आतला बाहेरच्याला. आत रात्रंदिवस कुणीतरी बाई पाळीवर असे. ती बाळ उचलून घेई. तिथेच अंघोळ घालायचं कुंड आहे. बाळ न्हाऊ-माखू घालायचं, बाप्तिस्मा झालाय की नाही ते पाहायचं, गळ्यात दोऱ्यात ओवलेला शिशाचा बिल्ला बांधायचा आणि मग रजिस्टर उघडायचं. तारीख, वेळ, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, सोबत काही खूण असेल तर तीही. नेपल्सचे लोक या मुलांना ‘मादोन्नाची लेकरं’ म्हणत. आईचं नाव माहीत नाही, तर मग आई म्हणजे प्रत्यक्ष मेरीमाता.

त्या खुणेपाशी जरा थांबा. फ्लॉरेन्सला अशीच दुसरी संस्था होती, इन्नोचेंती नावाची. ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पकाराने तिची इमारत रचली, आणि १४४५च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं बाळ आलं, एक मुलगी. आज तिथे संग्रहालय आहे आणि त्यात लहान लहान खणांमधून मुलांच्या अंगावर सापडलेल्या वस्तू ठेवल्या आहेत. त्यात मधोमध कापलेली पदकं आणि नाणी आहेत. अर्धं बाळाच्या अंगावर, अर्धं घेऊन आई निघून गेलेली. हे अर्धं नाणं का? परत यायचं आहे म्हणून. दिवस बरे आले की आपला अर्धा तुकडा दाखवायचा आणि आपलं मूल ओळखून घेऊन जायचं. बँकेत आपण पैसे ठेवतो, पावती जपतो, आणि त्याला मराठीत ‘ठेव’ म्हणतो. मी जेव्हा तो शब्द टाकणं नसून ठेवणं आहे म्हणते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो अर्धा तुकडा असतो. बहुतेकींना परत येता आलं नाही, हे खरं. पण न येता येणं आणि यायचंच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आत्याच्या बोलण्यामागे आणखी एक गृहीतक आहे, ती बोलली नसली तरी: ही मुलं ‘तसल्या’ संबंधांतली. काही होती. पण सगळी नव्हती. एकोणिसाव्या शतकात मिलानमध्ये रीतसर लग्न झालेली गरीब जोडपीसुद्धा मोठ्या संख्येने आपली मुलं अशा संस्थेत ठेवत. आई कामावर, दूध आटलेलं, घरात आधीच चार तोंडं, नाहीतर बाळंतपणात आई गेलेली आणि बापाला काही सुचत नाही. आणि संबंध ‘तसले’ असते तरी त्यात बाळाचा काय दोष, हे मी आत्याला विचारलं असतं. तुम्हीही प्रेमाने विचारू शकता.

अशा संस्थांमध्ये त्या काळी फार मुलं वर्षाच्या आत दगावत. दाया कमी, गर्दी जास्त, रोगराई. तुमच्या नवऱ्याच्या घराण्यात हे आडनाव आलं, याचा अर्थ ज्याला ते मिळालं तो मुलगा त्यातून तगला, मोठा झाला, त्याला कुणीतरी मुलगी दिली, त्याने संसार केला, आणि त्याच्या मुलाने ते आडनाव पुढे लावलं. हे सगळं पाठीशी कुणी नसताना. घराणं सुरू करणारा पुरुष म्हणून बाबांना याहून कर्तबगार माणूस हवाय का?

दुर्मिळपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बाबांचा तो प्रश्न आहे आणि तो फार जणांना पडतो. परदेशी जावई-सुना आलेल्या घरांतून मला अशी पत्रं अधूनमधून येतात. आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं की दुर्मिळ आडनाव म्हणजे उंची आणि सर्रास आढळणारं म्हणजे साधं. इटलीत हा हिशेब पार कोलमडतो. १८१४ मध्ये नेपल्सचा त्या वेळचा राजा, नेपोलियनचा मेहुणा झोआकिम म्युरा, याने संस्थेतल्या मुलांना एस्पोझितो आडनाव देण्यावर बंदी घातली. जन्मभर कपाळी शिक्का नको, हा हेतू. मग करायचं काय? संस्थेतल्या लोकांनी प्रत्येक बाळासाठी नवं आडनाव रचायला सुरुवात केली. फ्लॉरेन्समध्येही सगळ्यांना एकच ‘इन्नोचेंती’ लावायची पद्धत त्याच सुमारास, १८१२ मध्ये, थांबली. मिलानमध्ये संस्थेच्या चिन्हातल्या कबुतरावरून मुलांना ‘कोलोम्बो’ लावत, ते १८२५ मध्ये थांबलं. त्यानंतर कुठल्याशा कारकुनाने सकाळी रजिस्टर उघडून, त्या एका बाळापुरतं, कुठेच नसलेलं आडनाव लिहिलं. असं आडनाव आज इटलीत दोन-चार घरांतच सापडलं तर नवल नाही. म्हणजे सगळ्यांत सर्रास आडनाव आणि सगळ्यांत दुर्मिळ आडनाव, दोन्ही एकाच भिंतीतल्या त्याच चाकातून आलेली असू शकतात. आकड्यावरून रजिस्टर कसं भरलं गेलं ते कळतं. रक्ताबद्दल त्यातून काही कळत नाही.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. गावाच्या नावाला ‘कर’ लावून झालेलं आडनाव दुर्मिळ असतं, कारण गाव लहान असतं. बाबांना हे मुद्दाम सांगू नका, उगीच वाईट वाटेल. पण तुम्ही मनात ठेवा.

एक सावधगिरीची गोष्ट. आडनावाचा उगम कळला म्हणजे तुमच्या घराचा इतिहास कळला, असं नाही. मिलानचे पुष्कळ कोलोम्बो संस्थेतून आलेले आहेत, पण जिनोव्हाचा दर्यावर्दी क्रिस्तोफोरो कोलोम्बो, ज्याला आपण कोलंबस म्हणतो, तो नाही. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’ हे आडनाव असंच संस्थेतल्या मुलांचं. दक्षिण इटलीत गावोगावी अशी चाकं होती, त्यामुळे तुमच्या सासरचा मूळ पुरुष नेपल्सच्या अनुन्झियातामधलाच, असंही आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ते कागदावरून ठरेल, आणि इटलीत कागद उत्तम राहिलेत.

कागद कसे मिळवायचे ते सांगते. सासऱ्यांचा जन्म नेपल्सचा असेल तर तिथल्या नगरपालिकेकडून त्यांच्या जन्मनोंदीची ‘कोपिया इंतेग्राले’, म्हणजे पूर्ण नक्कल मागवा. साधा दाखला मागवलात तर त्यात आईवडिलांची नावं नसतील. त्या नकलेतून त्यांचे आईवडील, मग आईवडिलांच्या लग्नाची नोंद, त्यातून आजोबा, असं एकेक पायरी मागे जायचं. नेपल्सच्या राज्यात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदी १८०९ पासून सुरू झाल्या. त्यातल्या फार मोठ्या भागाच्या प्रतिमा इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘आंतेनाती’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. शब्दाचा अर्थच ‘पूर्वज’. त्याआधीचं हवं असेल तर चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. अक्षर जुनं, वळणदार, पहिल्या दिवशी काही लागत नाही. तिसऱ्या दिवशी लागायला लागतं. ‘आईवडील अज्ञात’ अशी नोंद जिथे येईल तिथे थांबायचं. तीच तुमची पहिली पिढी. अशी आडनावं असलेल्या इतर वाचकांनाही हाच रस्ता आहे. पैसे घेऊन घराण्याचा इतिहास पाठवणाऱ्यांच्या आधी हा करून पाहा.

आत्याच्या ‘कूळच नाही’कडे वळते. थोडा हिशेब करा. तुमच्या बाळापासून सात पिढ्या मागे गेलं की त्या पायरीवर १२८ माणसं उभी असतात. त्यातली ६४ तुमच्या बाजूची, ६४ नवऱ्याच्या बाजूची. नवऱ्याकडच्या ६४ जणांपैकी एक जण ते चाकातलं बाळ. उरलेले ६३ कोण होते? कोळी असतील, पाव भाजणारे असतील, शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या बायका. त्यांची आडनावं वाटेत गळून गेली, कारण आडनाव बापाकडून येत राहिलं. तुमच्याकडच्या ६४ जणांचीही तीच गत. बाबांचा कुळवृत्तांत त्यातल्या एकाच धाग्याचा आहे, आणि जुन्या आवृत्तीत सुनांची माहेरची नावं किती ठिकाणी कोरी आहेत, ते एकदा पाहा. ‘कूळ माहीत नाही’ असं म्हणायचं झालं, तर ते आपल्या सगळ्यांना बहुतांशी लागू आहे.

आणि आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गोत्र माहीत नसेल तर गुरुजी ‘काश्यप’ म्हणून संकल्प पुढे नेतात, कार्य अडत नाही. नांगराच्या तासात सापडलेल्या मुलीचं नाव जनकाने तासावरूनच सीता ठेवलं. कुठे सापडली ते नावातच लिहिलेलं, अगदी एस्पोझितोसारखं. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, गाव साताऱ्याकडचं कटगुण. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले. त्याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे अडलेल्या विधवांना येऊन बाळंत होता यायचं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि ‘फुले’ हे आडनाव त्याने लावलं. ते आडनाव त्याचं नव्हतं, असं आज कुणी म्हणेल? नेपल्सचं ते चाक २२ जून १८७५ला बंद झालं. त्याच १८७५ साली आपल्या पंढरपुरात निराधार अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू झाला. आत्या वारी करत असेल, तर पुढच्या वेळी तिला तिथे नेऊन आणा.

आमच्या आजोळी केरबा नावाचे एक वयस्क गृहस्थ होते. आधीची तीन मुलं गेल्यावर झाले म्हणून उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणलेले. धोंडू, दगडू, भिकू ही नावंही त्यातलीच. अर्थ पाहिला तर टाकाऊ, आणि ठेवण्यामागचा जीव पाहिला तर त्याहून लाडकं नाव नाही. पण नाव कधीच टोचत नाही, असंही मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यात मुलगी नको होती म्हणून ‘नकुसा’ नाव ठेवलेल्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं २०११ मध्ये समारंभ करून बदलली गेली. ते योग्यच झालं. कारण वर्गात हजेरी घेताना तो शब्द रोज त्या मुलीच्या कानात तिच्याच भाषेत पडत होता. एस्पोझितोचं तसं राहिलेलं नाही. नेपल्समध्ये आज ते आडनाव ऐकून कुणाला चाक आठवत नाही. पिझ्झा मार्गारिताशी ज्याचं नाव जोडतात तो भटारी राफाएले एस्पोझितो. कॅनडाचा आइस हॉकीपटू फिल एस्पोझितो. अमेरिकी अभिनेता जियानकार्लो एस्पोझितो. तुमचं बाळ शाळेत गेल्यावर कुणी त्याला ‘बाहेर ठेवलेला’ म्हणून हाक मारणार नाही.

मग सासरे उठून का गेले? तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना लाज वाटली असणार.’ असेलही. पण दुसरंही काही असू शकतं. ते लहानपणी, साठच्या दशकात, वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे नेपल्सहून तोरिनोला आले, असं तुम्हीच कळवलंय. त्या वर्षांत दक्षिणेतून लाखो माणसं उत्तरेकडच्या कारखान्यांत आली आणि तोरिनोत घरांवर पाट्या लागत, ‘दक्षिणेकडच्यांना जागा भाड्याने मिळणार नाही.’ तिथे एस्पोझितो म्हटलं की समोरचा ओळखायचा, नेपल्सचा आहे. त्या पोराने शाळेत आडनावावरून जे ऐकलं असेल त्याचा चाकाशी संबंध नसेलच कदाचित. आणि चाकाशी असला, तरी त्यांची पिढी कुठल्या काळात जन्मली ते पाहा. इटलीत १९५५च्या कायद्यापर्यंत साध्या दाखल्यांवरही आईबापांची नावं लिहावी लागत. ज्याचा बाप कागदावर अज्ञात, त्याच्यापुढे ‘एन. एन.’ अशी दोन अक्षरं पडत. सगळ्या नोकरीच्या ठिकाणी, सगळ्या रांगांत, ती अक्षरं दिसत. तो कायदा बदलला म्हणून आज साध्या दाखल्यात नावं नसतात आणि तुम्हाला पूर्ण नक्कल मागवावी लागते. सासऱ्यांच्या आईवडिलांनी घरात हा विषय बंद करून ठेवला असेल, तर त्याला कारण होतं.

यातलं काय खरं, ते मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. म्हणून जेवणाच्या ताटावर, सगळ्यांसमोर, ‘तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?’ असं पुन्हा विचारू नका. एखाद्या रविवारी ते एकटे असताना विचारा, आणि अर्थ विचारू नका, माणसं विचारा. “तुमचे आजोबा काय करायचे? आजी स्वयंपाक काय करायची? नेपल्सला तुमचं घर कुठल्या गल्लीत होतं?” सांगा की माझे बाबा आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं लिहून काढताहेत आणि त्यांत तुमचीही हवीत. माझा अनुभव असा की म्हातारी माणसं आडनावाबद्दल बोलत नाहीत, पण आजीबद्दल तासभर बोलतात. ते नको म्हणाले, तर विषय तिथेच सोडायचा. त्यांची गोष्ट त्यांची आहे. छापण्याआधी त्यांना मजकूर वाचून दाखवायचा आणि त्यांनी ‘हो’ म्हटल्यावरच कोल्हापूरला पाठवायचा. या अटीवर मी ठाम आहे. बाबांना हवं म्हणून सासऱ्यांच्या घराण्याची गोष्ट त्यांच्या पाठीमागे छापली जाऊ नये.

बाळाच्या आडनावाबद्दल. इटलीत २०२२ पर्यंत मुलाला आपोआप बापाचं आडनाव लागायचं. त्या वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने १३१ क्रमांकाच्या निकालात ते मोडून काढलं. आता दोघांची आडनावं, दोघांनी ठरवलेल्या क्रमाने, हा मूळ नियम. दोघांचं एकमत असेल तर एकच लावता येतं, तुमचं किंवा त्यांचं. तेव्हा फक्त तुमचं लावणं कायद्यात बसतं. तुम्हाला स्वतःचं आडनाव बाळाला द्यायचंय, ते पन्नास-साठ घरांतलं आडनाव पुढे जावं असं वाटतंय, म्हणून लावणार असाल तर आनंदाने लावा. पण एस्पोझितो लपवायचं म्हणून लावणार असाल, तर ते बाळ मोठं झाल्यावर एक दिवस विचारेल की बाबांचं का नाही लावलं, आणि तेव्हा तुम्हाला आज आत्या जे म्हणाली तेच सांगावं लागेल. माझा कौल दोन्ही आडनावांना आहे. पुढे मुलाला नकोसं झालं तर प्रीफेक्टकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रतिनिधीकडे, अर्ज करता येतो. आडनाव जन्माचं मूळ उघड करतं, हे कारण तर कायद्याच्या कलमात शब्दशः लिहिलेलं आहे. तो दरवाजा त्याच्यासाठी उघडा आहे, तुम्ही आजच तो ओलांडायची घाई नको. आणि नवऱ्याचं ‘तुला हवं ते’ हे उत्तर धरू नका. या कागदावर दोघांचा निर्णय लागतो. एक संध्याकाळ बसा आणि त्यालाही विचारा की तुला काय हवंय.

दोन आडनावं ठरली, तर व्यवहाराचं एकच: क्रम आणि स्पेलिंग इटलीच्या जन्मनोंदीत जसं असेल तसंच पासपोर्टात आणि पुढे बाळाच्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाच्या अर्जात. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दोन, असं झालं की पंधरा वर्षं निस्तरत बसावं लागतं. तुमचं स्वतःचं आडनाव मात्र भारतीय पासपोर्टात बदलायला जाऊ नका. इटलीत बायका सरकारी कागदांवर जन्माच्याच आडनावाने राहतात, तिथे तुम्हाला कुणी विचारणार नाही.

बाबांसाठी चार ओळींचा मसुदा देते, सासऱ्यांच्या संमतीनंतर वापरायला. कागदांतून जे निघेल तसा बदला:

“जावयांचं घराणं मूळ नेपल्सचं, सध्या वास्तव्य तोरिनो. एस्पोझितो हे आडनाव १८१४ पूर्वी, धर्मादाय संस्थेच्या आश्रयास आलेल्या बालकांना दिलं जात असे. शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. घराण्याचा मूळ पुरुष अशाच एका बालकापासून मोजला जातो. त्याचे आईवडील अज्ञात. पुढील पिढ्या खालीलप्रमाणे.”

आणि खाली नावं. सासऱ्यांच्या आजीचं नावही त्यात घाला, तिच्या माहेरच्या आडनावासकट.

छापायला जाण्यापूर्वी मुद्रितं तुम्ही स्वतः तपासा. बाबा इंग्रजी स्पेलिंगवरून ‘एस्पोसिटो’ लिहितील. तिथे ते ‘एस्पोझितो’ असं म्हणतात, जोर ‘स्पो’वर, शेवटचा ‘तो’ हलका. सासऱ्यांकडून एकदा म्हणून घ्या आणि बाबांना फोनवर ऐकवा.